गुलमर्गात बर्फ किती फुटांवर?

पंचगंगा किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात कोल्हापुरातलं शेंबडं पोरगंही सांगतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, विसर्ग किती, कुठला रस्ता पाण्याखाली, सगळं तोंडपाठ. 2019 आणि 2021 चे पूर बघितल्यापासून तर आमची निम्मी गल्ली पाटबंधारे खात्यात बिनपगारी कामाला आहे. त्यामुळे मेव्हण्याने जानेवारीअखेर सगळ्यांनी गुलमर्गला स्कीइंगला जायचं ठरवलं, तेव्हा बर्फाच्या अंदाजाचं खातं आपोआप माझ्या गळ्यात पडलं. "दाजी, तुमाला फुटाचं कळतंय," एवढीच पात्रता बघितली गेली.

पाणी उतरावं म्हणून देव पाण्यात घालून बसणारी माणसं आम्ही. आता आकडा चढावा म्हणून सासूबाईंनी अंबाबाईला साकडं घातलं. देवीचाही गोंधळ झाला असणार.

मेव्हणा एकेकाळचा पैलवान. आता वजन तेवढंच, फक्त त्याची जागा बदलली आहे. रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर आमची हवामान बैठक भरायची. शेजारी म्हैस, समोर धार काढणारा, हातात फेसाळ दुधाचा पेला आणि दुसऱ्या हातात मोबाईल. स्क्रीनवर फेस सांडायचा, तो पँटला पुसायचा आणि मग आकडा बदललेला दिसायचा. "आत्ता साठ सेंटिमीटर होतं की ओ! पुसलं तर बावीस झालं!"

दोष पँटचा नव्हता. हिवाळ्यात काश्मीरला बर्फ देतो तो पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसा-बर्फाची प्रणाली. भूमध्य समुद्राकडून निघतो, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत येतो. एवढ्या लांबून येणारा पाहुणा वाटेत थोडा उत्तरेला सरकला, की आपल्या ताटातलं पक्वान्न शेजाऱ्याच्या ताटात. दहा दिवस आधीचा आकडा म्हणजे नुसती आशा. तीन दिवस आधीचा जरा विश्वासाचा. हे मी मेव्हण्याला समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सोळा दिवसांचा अंदाज उघडला.

मग कुणीतरी त्याला सांगितलं की एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ढोबळमानाने एक सेंटिमीटर बर्फ, आणि कडाक्याच्या थंडीत भुसभुशीत पडला तर आणखी जास्त. झालं. कट्ट्यावर हिशेब सुरू. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. म्हणजे पन्नास-साठ मीटर बर्फ! "फकस्त थंडी कमी पडली दाजी, न्हाईतर काश्मिरी लोक आपल्याकडं आलं असतं स्कीइंगला. दिवसभर घसरायचं आणि रात्री तांबडा-पांढरा." धार काढणारासुद्धा हात थांबवून ऐकत होता. बर्फ पडल्यावर खाली दबतो, चार दिवसांत साठाचे साठ राहत नाहीत, हे मी मुद्दामच बोललो नाही. स्वप्न बघणाऱ्याला टोकू नये.

खरी भांडणं उंचीवरून झाली. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर. तिथून गोंडोल्याचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा मधल्या कोंगदूरीला नेतो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या अंगावर, जवळजवळ चार हजार मीटरवर. हजार मीटर वर गेलं की तापमान सहा-सात अंशांनी उतरतं, त्यामुळे एकाच दिवशी वर भुकटीसारखा बर्फ आणि खाली चक्क पाऊस असू शकतो. अंदाजात दोन्हींचे आकडे वेगवेगळे असतात. मेव्हणा वरचा वाचायचा, सासूबाई खालचा. "वर नव्वद हाय!" "आणि आपली खोली कुठाय? खालीच न्हवं?" बाईंचा मुद्दा बिनतोड होता. आमच्यातलं कुणीही अफरवटवरून पायाला पट्ट्या बांधून स्वतःहून निघणार नव्हतं.

हॉटेलवाल्याला फोन केला, की उत्तर ठरलेलं: "साहब, बर्फ ही बर्फ है!" मी म्हटलं, फोटो पाठवा. आला. अप्रतिम. फक्त फोटोत झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ज्या जातीचा मोबाईल होता, तो बाजारातून जाऊन दहा वर्षं झाली असतील. आणि काळजीला कारण होतंच. चिल्ले कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, हा तिथला ऐन थंडीचा काळ. पण 2024 च्या जानेवारीत त्याच काळात गुलमर्गची कुरणं करडी, कोरडी पडली होती. बर्फ आला तो महिना सरता सरता. 2025 मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर ढकलाव्या लागल्या. जिथे सरकारची तारीख हुकते, तिथे आमच्या नॉन-रिफंडेबल तिकिटांची काय कथा?

आणि निघायच्या आदल्या दिवशी अंदाज उलटला. जोरदार बर्फवृष्टी, सतर्कतेचा इशारा. मेव्हण्याने पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच पुढची बातमी आली: तंगमर्ग-गुलमर्ग रस्त्यावर चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्याच सोडतायत, वाऱ्यामुळे गोंडोल्याचा दुसरा टप्पा बंद, ताज्या बर्फामुळे वर हिमस्खलनाची भीती. म्हणजे बर्फ नसला तर जायचं कशाला, आणि असला तर जायचं कसं! पुरात निदान बोट तरी येते.

तरी पोचलो. साखळ्यांच्या गाडीत, प्रत्येक वळणावर ब्रेक लागला की सासूबाई मागून "अंबाबाई" म्हणत आणि ड्रायव्हर "कुछ नहीं होता माँजी" म्हणत. आभाळ निवळलं होतं. अफरवट समोर लखलखत होता, आणि दुसरा टप्पा अजून बंदच होता.

शिकाऊंची जागा म्हणजे हॉटेलांच्या पुढ्यातला जरासा उतार. तिथला बर्फ शेकडो बुटांनी तुडवून फरशीसारखा झालेला. मेव्हणा खाली वाकला, हातमोजा काढला, टाच आपटून बघितली आणि तोंड पाडून प्रशिक्षकाला म्हणाला, "भाई, यहाँ तो कम है. ऊपर नब्बे सेंटिमीटर दिखा रहा था."

त्या पोराने मेव्हण्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघितलं. "साहब, आज आपको सिर्फ गिरना सीखना है. उसके लिए बहुत है."

आणि पुढच्याच क्षणी ते शिक्षण सुरू झालं. पट्ट्या एकीकडे, काठ्या दुसरीकडे, आणि मध्ये आमचा पैलवान आभाळाकडे तोंड करून. सासूबाई काठावरून ओरडल्या, "आरं, चितपट की रं!"

दोन्ही खांदे टेकले नव्हते, असं तो अजून सांगतो.