ट्राँबोन सुटला म्हणून मास्तर झाला?

परवा एका लग्नात ओळखीचे काका भेटले. "क्लास घेतोस ते ठीक आहे रे, पण वाजवतोस कुठे?" मी हार्मोनियम शिकवतो, आठवड्यातले पाच दिवस. तेव्हा हसून जिलबी खाल्ली, पण डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट डेव्हिड बेकरवर, अमेरिकेतला जॅझ ट्राँबोनवाला आणि जॅझचा मास्तर.

बेकर इंडियानापोलिसचा, जन्म १९३१. जे. जे. जॉन्सन, वेस माँटगोमेरी, फ्रेडी हबर्ड हे जॅझमधले दिग्गज सगळे त्याच गावचे. त्याची गोष्ट जो तो एकाच चालीत सांगतो, की भारी ट्राँबोन वाजवायचा, १९५३ च्या कार अपघातात जबड्याला मार बसला, तरी काही वर्षं रेटलं, लायोनेल हॅम्प्टन, क्विन्सी जोन्स यांच्या बँडमध्ये वाजवलं, मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला जबड्याने साथ सोडली. ट्राँबोनमध्ये पितळी नळी पुढे-मागे सरकवायची, बाकी सगळी भिस्त ओठांवर, जबडा गेला की खेळ खल्लास. तिशीत चेलो (व्हायोलिनचा थोरला भाऊ) धरला आणि मग कॉलेजात मास्तर. बिचारा!

मला हे "बिचारा" अजिबात पटत नाही. अहो तो १९५५ लाच मिसुरीत लिंकन युनिव्हर्सिटीत शिकवत होता! आणि ती नोकरी काही जबड्यापायी गेली नाही, बेकर कृष्णवर्णीय, त्याने गोऱ्या बाईशी लग्न केलं म्हणून सोडावी लागली, तिथे तेव्हा कायद्यानेच बंदी होती असल्या लग्नाला.

१९६६ ला इंडियाना युनिव्हर्सिटीत आला आणि दोन वर्षांत तिथे जॅझची डिग्री सुरू. तेव्हा लोक म्हणायचे जॅझ काय शिकवायची गोष्ट आहे का, ती रात्री क्लबात बसून कानाने उचलायची. (आपल्याकडे भातखंडेंनी बंदिशी छापल्या तेव्हाही कुरकुर झालीच की.) बेकरने काय केलं, बीबॉपवाले (बीबॉप म्हणजे जॅझचा एक वेगवान प्रकार) वेगात वाजवताना नक्की काय करतात ते मांडून दाखवलं. उदाहरणार्थ हे बघा, सां, शुद्ध नि, कोमल नि, ध, प, म, ग, रे. खमाज रागाचेच सूर, फक्त दोन्ही निषाद लागोपाठ. सात सुरांचे आठ झाले, आता दोन-दोनच्या जोड्या करून उतरा, प्रत्येक ठोक्यावर सां, कोमल नि, प, ग येतात, म्हणजे बरोब्बर कॉर्डचे, साथीला एकत्र दाबायचे सूर! एक जादा सूर टाकला आणि सगळं जागेवर बसलं. बीबॉप स्केल हे नाव त्याच्यामुळेच रुळलं. मी पेटीवर करून बघितलं, पोरं खूश.

बाकी लिहिलंही प्रचंड, दोन हजारांवर रचना. यानोश स्टार्करसारख्या चेलोवाल्यासाठी सोनाटा केला आणि २००६ मध्ये चक्क मोबाइल फोन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी रचना! शिकागोत प्रेक्षकांना सांगितलं फोन चालू ठेवा, दिवे लागले की रिंगटोन वाजवा. म्हातारा पंचाहत्तरीला टेकलेला तेव्हा.

जॉर्ज रसेलचा १९६१ चा एझ-थेटिक्स अल्बम लावा. लोक तो सॅक्सोफोनवाल्या एरिक डॉल्फीसाठी ऐकतात, मीही तेच करायचो. काल हेडफोन घालून नुसता ट्राँबोन ऐकला, तोच बेकर, जबडा दुखत असताना वाजवलेला. काकांना लिंक पाठवलीय, अजून ब्लू टिक नाही.