‘कौन्सिलचं तिकीट फाडून टाका’ सांगणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून नव्या उत्साहाने फिरतो. त्याचं सार असं: घराजवळच्या रस्त्यावर कौन्सिलने (स्थानिक नगरपालिकेने) पार्किंगच्या दंडाचं तिकीट लावलं तर पैसे भरू नका आणि उत्तरही देऊ नका. ते नुसतं बिल आहे. कोर्टाने दोषी ठरवल्याशिवाय दंड घेताच येत नाही, १६८९ पासूनचा कायदा तसा आहे. दहा मिनिटांची सूट सगळीकडे असते. तिकीट काचेवर लावलं नसेल, त्यात चूक असेल किंवा पिवळी रेषा पुसट असेल तर ते आपोआप रद्द. हरकत घेतली तर निम्म्या दराची सवलत जाते, म्हणून त्या फंदात पडू नका. सहा महिने गप्प बसा, प्रकरण मिटतं.

यातल्या बहुतेक वाक्यांत खऱ्या नियमाचं एखादं टोक आहे, बाकीचं पदरचं आहे. पुढचं उत्तर इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

‘हे नुसतं बिल आहे’

सुपरमार्केटच्या आवारात मिळालेल्या तिकिटाबद्दल हे बरंचसं खरं आहे. तिथे खासगी कंपनी ‘पार्किंग चार्ज नोटीस’ देते. तो करारभंगाचा दावा असतो आणि पैसे मिळाले नाहीत तर कंपनीला काउंटी कोर्टात जावं लागतं. (तेही आता हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच एका कंपनीची ८५ पौंडांची आकारणी योग्य ठरवली.) रस्त्यावर कौन्सिल देते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’, २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्टखाली. लोक दोन्हींना पीसीएन म्हणतात, त्यामुळे एकीचा सल्ला दुसरीला चिकटतो. कागदावर कौन्सिलचं नाव आणि या कायद्याचा उल्लेख असेल तर वसुलीसाठी तुमच्यावर दावा लावायची कौन्सिलला गरजच नाही.

१६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये दोष सिद्ध होण्याआधी दंड नको, अशा अर्थाचं वाक्य आहे खरं. पण रस्त्यावरच्या पार्किंगची अंमलबजावणी पोलिसांकडून कौन्सिलकडे आली तेव्हा ते फौजदारी गुन्ह्यांतून बाहेर पडलं, आणि हरकत ऐकायला स्वतंत्र ट्रायब्यूनल (न्यायाधिकरण) आलं. हा मुद्दा घेऊन गेलेले लोक हरले आहेत. हरकतीच्या पत्रात तो घालू नका. खरा मुद्दा त्याखाली दबून जातो.

‘सहा महिने गप्प बसा’

मेसेजमधलं सगळ्यात महाग वाक्य हे. गप्प बसल्यावर काय होतं ते आकड्यांत बघू.

लंडनबाहेर बहुतेक कौन्सिलांत रेसिडेंट बेमध्ये (रहिवाशांसाठी राखीव जागेत) परमिटशिवाय गाडी उभी केल्याचे ७० पौंड पडतात. परमिटची मुदत संपली असणं वगैरे सौम्य प्रकारांना ५०. लंडनमध्ये एप्रिल २०२५ पासून वरचा दर १६० पर्यंत गेला आहे. १४ दिवसांत भरले तर निम्मे. हे १४ दिवस तिकीट लागलेला दिवस धरून मोजतात: १ तारखेचं तिकीट असेल तर शेवटची तारीख १४, १५ नव्हे. पैसे भरायला एकूण २८ दिवस. त्यानंतर कौन्सिल डीव्हीएलएकडून (वाहन नोंदणी खात्याकडून) गाडीच्या नोंदणीकृत मालकाचा पत्ता घेते आणि ‘नोटीस टू ओनर’ पाठवते. गाडी त्या दिवशी पाहुण्याने चालवली असली तरी नोटीस मालकालाच येते. तिला उत्तर द्यायला २८ दिवस. उत्तर गेलं नाही की ‘चार्ज सर्टिफिकेट’ येतं आणि रक्कम दीडपट होते: ७० चे १०५, १६० चे २४०. आणखी १४ दिवसांनी ही रक्कम नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये कर्ज म्हणून नोंदवता येते. त्यावर कोर्टाची फी चढते, सुनावणी होत नाही. मग वॉरंट, आणि वॉरंट घेऊन बेलिफ (वसुली करणारा माणूस). दारात बेलिफ आला की त्याची फी मूळ दंडाहून कितीतरी मोठी असते, आणि जॅमर लावायला गाडी तर समोरच उभी असते.

मग सहा महिने आले कुठून? तिकिटानंतर साधारण सहा महिन्यांच्या आत नोटीस टू ओनर बजावली नाही तर कौन्सिलला पुढे जाता येत नाही. नियम खरा आहे. पण या नोटिशी संगणकातून आपोआप निघतात आणि बहुधा काही आठवड्यांतच येतात. कौन्सिल विसरेल या भरवशावर राहू नका.

बेलिफपर्यंत गेलेल्या बऱ्याच प्रकरणांचं मूळ मात्र हट्टात नसतं, जुन्या पत्त्यात असतं. घर बदललं, बँकेत आणि कौन्सिल टॅक्सला पत्ता बदलला, लायसन्सवरही बदलला, पण गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) तसाच राहिला. लायसन्स आणि लॉगबुक या डीव्हीएलएकडच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एक बदलली म्हणजे दुसरी बदलत नाही. सगळ्या नोटिशी जुन्या घरी जातात आणि तुम्हाला पहिली बातमी बेलिफकडून कळते. तसं झालं तर बेलिफशी हुज्जत घालू नका, टीई९ हा फॉर्म भरा. ‘नोटीस टू ओनर मला मिळालीच नाही’ हे त्यातलं एक मान्य कारण आहे. मुदत २१ दिवसांची. ती उलटली असेल तर सोबत टीई७ जोडून उशिराचं कारण द्यायचं. मंजूर झालं की चार्ज सर्टिफिकेट रद्द होतं आणि प्रकरण मागे येतं. तिकीट रद्द होत नाही, तुम्हाला हरकतीची संधी परत मिळते. टीई९ मध्ये खोटं लिहिणं मात्र गंभीर गुन्हा आहे.

‘दहा मिनिटांची सूट सगळीकडे’

ही सूट एप्रिल २०१५ पासून आहे आणि ती शेवटची सूट आहे. पैसे भरून किंवा ठरावीक वेळ फुकट उभं राहायची परवानगी असलेल्या बेमध्ये तुम्ही नियमाने उभे होता आणि वेळ संपली, तर पुढची दहा मिनिटं तिकीट लावता येत नाही. रस्त्याच्या कडेच्या सिंगल किंवा डबल यलोवर (एकेरी किंवा दुहेरी पिवळ्या रेषेवर) ती नाही. ज्या बेमध्ये उभं राहायचा हक्कच नव्हता तिथेही नाही. आल्यावर ॲपवर पैसे भरायला किंवा घरातून व्हिजिटर परमिट आणायला लागणारा वेळ यात बसत नाही. त्यासाठी वॉर्डनने किती वेळ निरीक्षण केलं ते बघा. तिकिटावर कधीपासून कधीपर्यंत पाहिलं ते बहुधा छापलेलं असतं. १०:०२ ते १०:०२ असं निरीक्षण आणि १०:०४ ला सुरू झालेलं परमिट, ही हरकत लिहिण्यासारखी आहे.

‘काचेवर नसेल तर रद्द’

तिकीट काचेवर लावणं किंवा चालकाच्या हातात देणं हा मुख्य मार्ग, पण एकमेव नाही. वॉर्डनला धमकावलं किंवा तो तिकीट तयार करू लागल्यावर गाडी निघून गेली, तर ते टपालाने येऊ शकतं. नुसतं निरीक्षण चालू असताना गाडी निघाली तर तेवढं पुरत नाही. तिकीट बनवायला सुरुवात झालेली असावी लागते. टपालाच्या तिकिटावर यातलं कोणतं कारण दिलंय ते आधी वाचा.

इथे मेसेजला न सुचलेला एक मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. २०१५ पासून नुसत्या कॅमेऱ्याच्या जोरावर टपालाने तिकीट पाठवायला इंग्लंडमध्ये मर्यादा आहेत. बस लेन, बस स्टॉप, शाळेसमोरच्या झिगझॅग खुणा, रेड रूट (थांबायला बंदी असलेले लाल रेषांचे रस्ते) आणि नंतर आलेल्या सायकल लेन एवढ्या जागा सोडल्या तर तसं तिकीट पाठवता येत नाही. रेसिडेंट बेसाठी कॅमेऱ्यावरून तिकीट आलं असेल तर हरकतीचा पहिला परिच्छेद तोच. टपालाचं तिकीट नोटीस टू ओनरचंही काम करतं, त्यामुळे तिथे पहिली अनौपचारिक पायरी (नोटीस टू ओनर येण्याआधीची हरकत) नसते, थेट औपचारिक हरकत करायची असते.

काचेवरचं तिकीट कुणी काढून नेलं असेल तर वॉर्डनचा फोटो असतोच. अशा वेळी नोटीस आल्यावर निम्म्या दराने भरू देण्याची विनंती करावी. ती मान्य करायचं बंधन कौन्सिलवर नाही.

‘चूक सापडली, रेष तुटली, की सुटलो’

गाडीचा रंग चुकला म्हणून तिकीट पडत नाही. गाडीचा नंबर, रस्त्याचं नाव किंवा तारीख चुकली असेल तर मुद्दा आहे. रेषांबाबत २०११ मध्ये संडरलंडच्या प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलने स्पष्ट केलं की किरकोळ त्रुटींनी निर्बंध रद्द होत नाही. चालकाला नियम कळायला अडचण झाली का, हे बघायचं. रेषेच्या टोकाची आडवी पट्टी नाही हा जुना लाडका मुद्दा तर २०१६ च्या नव्या चिन्ह-नियमांनंतर जवळपास निकामी झाला आहे.

पाटी हुडकताना एक ठाऊक हवं. कंट्रोल्ड पार्किंग झोनमध्ये (ठरावीक वेळांत पार्किंगवर निर्बंध असलेल्या भागात) सिंगल यलोच्या वेळा झोनच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवर असतात, प्रत्येक रेषेशेजारी नसतात. ‘रेषेजवळ पाटी नव्हती’ म्हणण्याआधी झोनची हद्द पायी फिरून या. पाटी फांदीत झाकली असेल किंवा उलटी फिरली असेल तर त्याच दिवशी फोटो काढा: एक पाटीचा, आणि एक तुमची गाडी व पाटी दोन्ही येतील असा लांबून. दुसऱ्या आठवड्यात फांदी छाटलेली असू शकते.

‘हरकत घेतली की सवलत जाते’

पहिल्या पायरीवर हे खोटं आहे. १४ दिवसांच्या आत हरकत पाठवली आणि ती फेटाळली, तर कौन्सिलने निम्मा दर पुन्हा १४ दिवस द्यावा असं सरकारी मार्गदर्शन सांगतं. बहुतेक कौन्सिल ते पाळतात. तुमच्या कौन्सिलचं तिकिटावर किंवा वेबसाइटवर वाचून घ्या. म्हणजे पहिली हरकत फुकटची आहे. फक्त आधी पैसे भरून मग भांडायला जाऊ नका. पैसे भरले की प्रकरण बंद.

नोटीस टू ओनरपर्यंत थांबलात तर मात्र सवलत बहुधा गेलेली असते. लंडनबाहेर तिथे पणाला लागतात ३५ पौंड. पुरावा कागदावर असेल तर लढावं, नुसता राग असेल तर भरून टाकावं, असं आमचं मत. औपचारिक हरकत फेटाळली गेली तर २८ दिवसांत ट्रायब्यूनलकडे जाता येतं: राजधानीत लंडन ट्रायब्यूनल्स, बाकी इंग्लंडमध्ये ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्यूनल. फी नाही, वकील लागत नाही. तिथे पुरावा मांडायची वेळ येते तेव्हा काही प्रकरणांत कौन्सिलच माघार घेते.

निवासी रस्त्यावर खरोखर चालणारे मुद्दे साधे असतात. यलो लाइनवर माणूस चढवायला-उतरवायला थांबता येतं, आणि भारतातून आलेल्या सत्तरीच्या सासूबाईंना सामानासकट दारापर्यंत पोचवायला लागणारा वाजवी वेळ त्यात धरतात. लोडिंगची बंदी दाखवणाऱ्या आडव्या पिवळ्या खुणा कर्बवर नसतील तर जड सामान उतरवायलाही थांबता येतं. पलंगाची डिलिव्हरी चिठ्ठी जोडा. ड्रॉप कर्बपुढे (गाडी आत नेण्यासाठी उतरत्या केलेल्या फुटपाथच्या कडेपुढे) गाडी उभी असेल आणि तो ड्राइव्हवे एकाच घराचा असेल, तर त्या घरच्यांनी पैसे न घेता दिलेली परवानगी चालते. दोन घरांचा सामाईक असेल तर नाही. ऑनलाइन परमिटमध्ये शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला असेल तर नियम मोडलाच आहे, पण पैसे भरल्याची पावती आणि गाडीचा नंबर दाखवून माफी मागता येते. पहिल्यांदा असेल तर पुष्कळ कौन्सिल सोडतात. ट्रायब्यूनलला मात्र निव्वळ सहानुभूतीवर तिकीट रद्द करता येत नाही, ते फक्त कौन्सिलला शिफारस करू शकतं.

पत्र अर्ध्या पानाचं असावं. आधी वेबसाइटवर पीसीएन नंबर टाकून वॉर्डनचे फोटो उतरवून घ्या, कारण तुमचं म्हणणं त्या फोटोंच्या विरुद्ध गेलं तर पुढे काही उरत नाही. मग तिकिटावरचा कोड (परमिटशिवाय रेसिडेंट बे असेल तर बहुधा १२), काय घडलं ते वेळेसकट, आणि शेवटी पुराव्यांची यादी. त्या रस्त्याच्या ट्रॅफिक रेग्युलेशन ऑर्डरची (पार्किंगचे निर्बंध ठरवणाऱ्या आदेशाची) प्रत मागा. पाटीवरच्या वेळा आणि ऑर्डरमधल्या वेळा जुळत नसतील तर तो भक्कम मुद्दा आहे. हरकत ऑनलाइन दिली तर पोच मिळाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. औपचारिक हरकतीला कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर दिलं नाही तर ती मान्य झाली असं धरलं जातं आणि तिकीट रद्द होतं, पण ते ५६ दिवस कधी सुरू झाले हे त्या पोचेवरूनच दाखवता येतं.