फाईल आहे, पण नाही

जुन्या अँड्रॉइड फोनवर चालेल असा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहायला मला पाच मिनिटं लागली. तो कंपाईल करायला, म्हणजे फोनच्या प्रोसेसरला कळेल अशा भाषेत आणायला, चार दिवस.

फोनचा प्रोसेसर आर्म, कॉम्प्युटरचा एक्स-८६; एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. इथे बसून तिथल्यासाठी कोड काढणारा तो क्रॉस-कंपायलर. तो तयार मिळतो, डाउनलोड केला की झालं. मला मात्र तो सोर्सपासून स्वतः बांधायचा होता. का, ते विचारू नका. घरच्यांचं विचारून झालंय.

बिनयुटिल्स (असेंबलर, लिंकर वगैरे अवजारांचा संच) निमूट बांधून झालं, तिथेच संशय यायला हवा होता. मग जीसीसी, म्हणजे खुद्द कंपायलर. ते म्हणालं, सी लायब्ररी कुठाय? म्हणून ग्लिबसी घेतली (सी प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडचा साठा, म्हणजेच सी लायब्ररी), तर ती म्हणाली, आर्मचा कंपायलर कुठाय? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! यावर जाणकारांचा तोडगा असा, की आधी लायब्ररीबिब्ररी न मागणारं एक अर्धवट जीसीसी बांधायचं, त्याच्याकडून ग्लिबसी बांधून घ्यायची आणि तिच्या जोरावर पूर्ण जीसीसी पुन्हा पहिल्यापासून. (त्या अर्धवटाचं पुढे काय होतं, कोणी विचारत नाही. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते.)

एकदा तासभर पंखा घरघरला आणि काम थांबलं. घोडं कुठे पेंड खात होतं? 'मेकइन्फो' सापडत नव्हतं. हे मॅन्युअल तयार करायचं अवजार. म्हणजे जे मॅन्युअल मी उघडूनही पाहिलं नव्हतं, त्यानेच सूड उगवला.

तिसरा दिवस टार्गेटच्या, म्हणजे ज्याच्यासाठी कोड काढायचा त्या यंत्राच्या, नावातल्या शेवटच्या 'एचएफ' या दोन अक्षरांनी खाल्ला. त्याबद्दल बोलायची इच्छा नाही.

चौथ्या दिवशी फाईल फोनवर गेली. यादीत दिसली. चालवली, तर उत्तर: अशी फाईल नाही. पुन्हा यादी पाहिली, आहे. पुन्हा चालवली, नाही. मध्यरात्री उलगडा झाला, की फोन खोटं बोलत नव्हता, तो दुसऱ्याच फाईलबद्दल बोलत होता. माझ्या प्रोग्रॅमला ग्लिबसीचा डायनॅमिक लिंकर (सुरू होताना प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणारी फाईल) हवा होता आणि अँड्रॉइडमध्ये ग्लिबसी नसतेच. तिथे बायोनिक नावाची त्यांची स्वतःची लायब्ररी. चार दिवस मी ज्या ग्लिबसीसाठी झिजलो, तिला त्या घरात कोणी ओळखतही नव्हतं.

शेवटी स्टॅटिक लिंक केलं, म्हणजे ग्लिबसीचं लागेल तेवढं बिऱ्हाड प्रोग्रॅमच्याच पाठीवर बांधलं. फोनने मुकाट्याने छापलं: 'नमसकार'.

चूक माझीच. दुरुस्तीला आता दोन सेकंद लागतील. पण हात लावायची छाती होत नाही.