लेकीच्या मनगटावरची पट्टी आणि चिअरचा खर्च

परवा मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात एका मैत्रिणीने विचारलं, "तुमची लेक चिअर करते ना? आमच्या सात वर्षांच्या पिल्लूला घालायचं म्हणतोय. कसं असतं गं?" पंगतीत बसून पाच मिनिटांत सांगता येईना, म्हणून इथे लिहितेय. डॅलसच्या आसपासच्या मराठी आईबाबांनी तरी वेळ काढून वाचा.

आपल्याकडे चिअरलीडर म्हटलं की आयपीएल आठवतं. सांगलीहून सासूबाईंनी फोनवर काळजीने विचारलं होतं, "अगं, लहान पोरीला कशाला त्यात?" पण इथल्या खाजगी जिममध्ये शिकवतात ते 'ऑल-स्टार' चिअर वेगळं. त्यात कुठल्या टीमसाठी ओरडायचं नसतं. अडीच मिनिटांच्या रूटीनमध्ये कोलांट्या, उड्या, नाच आणि मनोरे बसवायचे, आणि त्यावर गुण मिळतात. माझी दहा वर्षांची लेक फ्लायर आहे, म्हणजे सगळ्यात वरची. खाली दोघी बेस, मागे बॅकस्पॉट. या तिघींच्या हातांवर ती एका पायावर उभी राहते. पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारी ही पोर आता शाळेत हात वर करून बोलते, ते या तिघींमुळे. तेव्हा खेळाबद्दल माझी तक्रार नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये चिअरच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

माझी तक्रार पैशांच्या आणि दमछाकीच्या चक्राबद्दल आहे.

मे महिन्यात ट्रायआउट, म्हणजे टीमची निवड चाचणी, होतात तेव्हा हातात पडतो तो महिन्याच्या फीचा आकडा. तो झेपेलसा वाटतो आणि आपण सही करतो. मग हळूहळू बाकीचं यायला लागतं. खड्यांनी मढवलेला युनिफॉर्म, बूट, डोक्यावरचा बो. कोरिओग्राफरची फी, गाण्यांच्या मिक्सची फी, प्रत्येक स्पर्धेची प्रवेश फी, कोचच्या प्रवासाचा वाटा. टम्बलिंग, म्हणजे कोलांट्या, मागे पडतंय म्हणून खाजगी क्लास. विमान, हॉटेल. काही स्पर्धांमध्ये हॉटेलही आयोजकांनी ठरवलेलंच घ्यावं लागतं. आणि स्वतःच्या मुलीला अडीच मिनिटं बघायला आईबाबांना तिकीट काढावं लागतं! मागच्या हंगामात मी प्रत्येक पावती एका वहीत लिहून ठेवली. बेरीज ७,४०० डॉलर झाली. सही करताना आमच्या डोक्यात यातला अर्धाही आकडा नव्हता.

त्यात 'बिड' हा प्रकार. हंगामाच्या शेवटच्या मोठ्या स्पर्धेला जायचा हक्क म्हणजे बिड. पेड बिड मिळालं तर खर्चाचा भार हलका होतो. नुसतं अॅट-लार्ज मिळालं तर फक्त आमंत्रण मिळतं, खर्च आपला. फेब्रुवारीत आमच्या टीमला अॅट-लार्ज मिळालं. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून आनंदाने रडत होत्या आणि मागच्या रांगेत आम्ही आया फोनवर विमानाची भाडी बघत होतो. एक जण गप्पच होती. तिला तिघांची तिकिटं परवडणार नव्हती, आणि एक पोर गळली तर सगळा मनोराच बदलावा लागतो. त्या क्षणी 'नाही' म्हणायची हिंमत कोणत्या आईला होईल?

हे सगळं आपोआप झालेलं नाही. या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी व्हर्सिटी. १९७४ मध्ये चिअर कॅम्पपासून तिची सुरुवात झाली. आज युनिफॉर्म, कॅम्प आणि स्पर्धा या तिन्ही ठिकाणी तीच आहे. प्रतिस्पर्धी विकत घेऊन बाजार ताब्यात ठेवला आणि त्यामुळे किमती चढल्या, असा आरोप करत जिमवाले आणि पालक कोर्टात गेले. कंपनीने आरोप मान्य न करता २०२३ मध्ये एका खटल्यात ४ कोटी ३५ लाख डॉलरची तडजोड केली. २०२४ मध्ये दुसऱ्या खटल्यात ८ कोटी २५ लाखांची. पालकांनी इतकं चिवटपणे लढावं याचं मला फार कौतुक वाटतं.

पण पैशाहून मला जास्त लागलं ते दुसरंच.

जानेवारीत एका रात्री लेकीचे केस सोडवत होते. स्प्रेने कडक झालेली वेणी सोडवायला अर्धा तास जातो. तिने कंगवा डाव्या हाताने पुढे केला, तेव्हा उजव्या मनगटावरची पट्टी दिसली. सूज होती. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाली, "दोन आठवडे. पण आई, तुम्ही पैसे भरलेत ना." दहा वर्षांची पोर! तिने आमचं बोलणं ऐकलं होतं, वही बघितली होती, आणि दुखणं लपवून ती आमचे पैसे फेडत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितलंय की चिअरला खेळाचा दर्जा द्या, प्रशिक्षित कोच आणि वैद्यकीय मदत द्या. हायस्कूलच्या मुलींना खेळात झालेल्या अतिगंभीर दुखापतींपैकी सुमारे दोन-तृतीयांश चिअरमधल्या होत्या, असं तेव्हाच समोर आलं होतं. दहीहंडीच्या सगळ्यात वरच्या थरावर लहान पोर चढवावं का, यावर आपल्याकडे किती वर्षं कोर्टात वाद चालला! शेवटी १४ वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही असं सरकारने २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं. इथेही वर चढते ती सगळ्यात छोटी, सगळ्यात हलकी मुलगीच. गोविंदांची हंडी वर्षातून एकदा असते. इथे मेमध्ये हंगाम संपतो आणि त्याच महिन्यात पुढचे ट्रायआउट लागतात. मनगटाने बरं व्हायचं कधी?

म्हणून मैत्रिणी, सही करायच्या आधी वर्षभराचा पूर्ण खर्च एका कागदावर लिहून माग. देत नसतील तर दुसरं जिम बघ. आणि 'प्रेप' टीम आहे का ते आवर्जून विचार. तिचा हंगाम छोटा असतो, स्पर्धा कमी, खर्चही बराच कमी. लेकीला आम्ही दोन्ही पर्याय समजावून सांगितले, मनगट पूर्ण बरं झाल्यावरच. तिने प्रेप निवडली. पहिला प्रश्न विचारला, "मग गणपतीत मी आजीशी व्हिडिओवर आरती म्हणू शकेन?" मागची दोन वर्षं त्या संध्याकाळी ती जिममध्ये होती.

तिच्या जुन्या टीममधल्या दोघी बेसही प्रेपला येतायत. ती वही मी त्यांच्या आयांना वाचायला दिली आहे. तुला हवी असेल तर पुढच्या शनिवारी घरी ये.