आधी आकाशकंदील, मग दिवाळी

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच वाद. धाकटा चुलतभाऊ म्हणतो, "दादा, रिझर्व्ह बँकेने व्याज वाढवलं म्हणूनच महागाई झाली." मे २०२२ मध्ये ४ टक्क्यांवर असलेला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो, फेब्रुवारी २०२३ ला साडेसहावर; त्याच काळात याच्या घरकर्जाचा हप्ताही चढला आणि वाण्याचं बिलही. झालं सिद्ध! मी लिहिलं, "अरे, आकाशकंदील दिवाळीच्या आधी लागतो. म्हणून कंदिलामुळे दिवाळी येते का?" त्याने नुसता अंगठा टाकला.

या एका गुंत्यात ख्रिस्तोफर सिम्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाची कारकीर्द गेली. मूळचा गणितवाला, १९६८ साली हार्वर्डची पीएचडी. अडचण अशी की एकाच देशाच्या दोन प्रती काढून एकीत व्याज वाढवून बघता येत नाही. जे घडून गेलं त्याचे आकडे, तेवढंच हाताशी. १९७२ साली त्याने दाखवलं, की उत्पन्नाची चाल आधीच्या पैशाच्या पुरवठ्यावरून कळते, नंतरच्या पुरवठ्याची त्यात काही भर पडत नाही. म्हणजे पैसा आधी हलतो. "पैसाच सगळं चालवतो" म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं.

आणि १९८० मध्ये या गृहस्थाने त्याच मांडणीत व्याजदराची एक रांग वाढवली, तर पैशाचं बरंचसं श्रेय गळून पडलं! आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाखाली सुरुंग, तोही स्वतः छापून. टीव्हीवर रोज रात्री ओरडणाऱ्या आपल्या अर्थतज्ज्ञांपैकी कुणी हे केल्याचं मला तरी आठवत नाही.

त्याच वर्षी त्याने अर्थव्यवस्थेच्या मोठमोठ्या, सरकारी छापाच्या गणिती मॉडेलांनाही धुतलं: यातली गृहीतकं सोयीची आहेत, पटण्यासारखी नाहीत. त्याची पद्धत म्हणजे व्हेक्टर ऑटोरिग्रेशन. भाव, व्याज, उत्पन्न, प्रत्येकाला स्वतःच्या आणि इतरांच्या भूतकाळावरून मांडायचं, मग एकाला अचानक धक्का देऊन बाकीचे किती दिवस हलतात ते बघायचं. त्यातही एक विचित्र गोष्ट निघाली, व्याज वाढलं की भाव चढताना दिसायचे. अगदी आमच्या चुलतभावाचा आलेख! सिम्सचं उत्तर असं, की मध्यवर्ती बँकेला महागाई येताना आधीच दिसते, म्हणून ती आधी व्याज वाढवते. माझा कंदील तिथूनच उचललेला, कबूल.

२०११ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला थॉमस सार्जंट या दुसऱ्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाबरोबर मिळालं. दोघांची पीएचडी एकाच वर्षीची, आणि त्या सत्रात प्रिन्स्टन विद्यापीठात दोघं मिळून एक वर्ग शिकवत होते. पत्रकारांनी सिम्सला विचारलं, बक्षिसाच्या पैशांचं काय करणार? तर म्हणे, सध्या रोखच ठेवतो, जरा विचार करतो.