डास गुडघ्याच्या वर उडतो, आणि रिफिलमध्ये रॉकेल भरायचं नसतं

पावसाळा लागला की हा मेसेज दरवर्षी फिरायला लागतो. यंदा तो सोसायटीच्या ग्रुपवरून आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि मावशीने त्यातलं 'घरगुती लिक्विड' तयार करून डास मारायच्या विजेच्या मशीनला लावलंसुद्धा. तेव्हा आता गप्प बसण्यात अर्थ नाही. मेसेज थोडक्यात असा: डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडू शकत नाही, म्हणून पायांना खोबरेल तेल लावा. तो घाणीत होतो, म्हणून गटारात फिनेल ओता. संपलेल्या रिफिलमध्ये रॉकेल किंवा तारपीन, कापूर आणि कडुनिंबाचं तेल भरा. लिंबात लवंगा खोचून ठेवा. ताप आलाच तर वेलचीचे दाणे तोंडात धरा, प्लेटलेट वाढतील. कुत्र्याला गोचिड्या झाल्या तर रॉकेल चोळा आणि लसूण खाऊ घाला. खाली एका डॉक्टरांचं नाव आणि 'सर्वांना पाठवा'.

आधी गुडघ्याचं बघू. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती जातीची मादी घोट्याला आणि पोटरीला जास्त चावते, एवढं खरं आहे. पलंगाखाली, टेबलाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत ती अंधारात बसून राहते, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाचे पाय तिला आधी सापडतात. पण कुठे चावायला आवडतं आणि किती उंच उडता येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर सिंगापूरच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलं. त्यांनी माद्यांना रुबिडियम नावाचा धातू मिसळलेलं रक्त पाजून सोडलं, म्हणजे त्यांनी घातलेली अंडी नंतर ओळखता यावीत. २१ मजली, सुमारे ६० मीटर उंच इमारतीत मधल्या मजल्यावरून सोडलेल्या माद्यांची अंडी खालपासून वरपर्यंत सापडली. मोकळ्या जागेत सोडलेल्या माद्या ३०० मीटरहून जास्त पसरल्या. गुडघा जमिनीपासून अर्धा मीटर असतो.

मुंबईच्या टॉवरमध्ये तर तिला एवढं उडायचीही गरज नसते. ती लिफ्टमधून माणसांबरोबर वर येते, आणि सोळाव्या मजल्यावर काचेच्या भांड्यात ठेवलेला बांबू तिची वाटच पाहत असतो.

या दाव्याने खरं नुकसान कुठे होतं? आई मुलाच्या पायांना तेल चोळते आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टात त्याला शाळेत पाठवते. एडिस दिवसा चावते, मुख्यतः सकाळी लवकर आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी, म्हणजे नेमकी शाळेच्या आणि खेळाच्या वेळेला. मान, कोपर, दंड सगळं उघडंच राहतं. खोबरेलात २ टक्के कडुनिंबाचं तेल मिसळून आपल्याकडे मलेरियाच्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात प्रयोग केले होते आणि निकाल चांगले आले होते, हे मान्य करायला हवं. पण ते रात्री चावणाऱ्या ॲनोफेलिस डासावर होते. मेसेजमध्ये आहे ते नुसतं खोबरेल. त्यापेक्षा दुकानातलं साधं क्रीम घ्या, ज्यावर १२ टक्के डायइथिल बेंझामाइड लिहिलेलं असतं, किंवा डीईईटी हे डास पळवणारं रसायन असलेला स्प्रे घ्या. जेवढी कातडी उघडी आहे तेवढी सगळी झाका. नखभर क्रीम दोन्ही हातांना पुरवलं तर मध्ये मोकळे पट्टे राहतात आणि डास तिथे चावतो. मुंबईच्या घामात ते लेबलवर लिहिलंय त्याच्या आधीच धुऊन जातं, म्हणून दोन-तीन तासांनी परत लावा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला काहीही लावू नका. त्याच्यासाठी मच्छरदाणी, आणि तीही दुपारच्या झोपेला.

'डेंग्यूचा डास घाणीत होतो.' या एका वाक्यामुळे सोसायट्यांचे पैसे आणि मेहनत चुकीच्या जागी जाते. गटारातला डास बहुतेक क्युलेक्स असतो. तो रात्री चावतो, हत्तीपाय पसरवतो आणि झोपेचं खोबरं करतो, पण डेंग्यू आणि मलेरिया त्याच्याकडून होत नाही. मुंबईचा मलेरियाचा डास ॲनोफेलिस स्टीफेन्सी विहिरीत, गच्चीवरच्या टाकीत, बांधकामाच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. हे काल-परवाचं ज्ञान नाही. १९११ मध्ये मलेरियाचे अभ्यासक बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर जो अहवाल दिला, त्यात शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं होतं. आणि एडिसला हवं असतं घरातलं शांत, स्वच्छ पाणी. फिनेलने गटाराचा वास बदलतो. या दोघांच्या एकाही अळीला धक्का लागत नाही.

मग बघायचं कुठे? फ्रिजच्या मागे खाली बाष्पीभवनाचा ट्रे असतो, तो बहुतेक घरांत फ्रिज आणल्यापासून कुणी ओढून पाहिलेला नसतो. कुंडीखालच्या बश्या, मनी प्लांटच्या बाटल्या, एसीच्या पाण्याखाली ठेवलेली बादली. बंद फ्लॅटमधला कमोड आणि नहाणी ट्रॅप, कारण महिनाभर कुणी पाणी सोडलेलं नसतं. चाळीत आणि वस्तीत पाणी ठरावीक वेळेलाच येतं, म्हणून भरून ठेवलेली पिंपं. छपरावरच्या ताडपत्रीच्या सुरकुत्या आणि ती उडू नये म्हणून ठेवलेले टायर. शहाळ्यांची करवंटी. लिफ्टचा खड्डा. इमारतीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले की मी सगळ्यात आधी लिफ्टचा खड्डा आणि बंद फ्लॅट तपासायला सांगेन.

पाणी ओतून टाकलं म्हणजे झालं, असंही नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवते. ती काळ्या बारीक ठिपक्यांसारखी दिसतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पिंप रिकामं करून पुन्हा भरलं की पाणी त्या रेषेला लागतं आणि अळ्या बाहेर येतात. म्हणून आतली भिंत काथ्याने किंवा कडक ब्रशने, कोपऱ्यासकट, घासायलाच हवी. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवायचा 'कोरडा दिवस' त्यासाठीच आहे, आणि एक रविवार चुकला तर ती पिढी हातातून गेली. पिंपावर फडकं बांधत असाल तर ते ताणून बांधा. सैल फडकं मध्ये झोळ पडून पाण्याला टेकतं आणि त्याच ओल्या कापडावर अंडी पडतात.

गच्चीच्या टाकीचं झाकण तडकलेलं नको आणि कडेला फट नको. ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपच्या तोंडाला बारीक डासजाळी क्लॅम्पने आवळा, सुतळीने नको. सुतळी एका पावसात कुजते. टाकीपर्यंत धड शिडी ठेवा. पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस वर चढूच शकला नाही तर तपासणार काय? डासांची पैदास सापडली तर १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या कलम ३८१ खाली नोटीस येते, आणि मग कमिटी फिनेलची बिलं दाखवत बसते.

अळी कुणाची हे घरीही कळतं. पांढऱ्या वाडग्यात पाणी काढून टॉर्च मारा. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहणारी अळी ॲनोफेलिसची. डोकं खाली करून तिरकी लोंबकळणारी एडिस किंवा क्युलेक्सची. अळ्या खाणारे गप्पी मासे कारंज्यात, न वापरत्या विहिरीत सोडा, उपयोग होतो. पिण्याच्या टाकीत नको.

आता रिफिल. मेसेजमधला हा मुद्दा जीव घेऊ शकतो. मशीनमधली कडी, म्हणजे वातीभोवतीचा तापणारा भाग, शंभर अंशांच्या वर तापते. रॉकेलच्या वाफा साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकतात, तारपीनचंही तेच. कंपनीच्या रिफिलमध्येही रॉकेलच्याच जातकुळीचं द्रावण असतं, हा मेसेजवाल्यांचा युक्तिवाद अर्धा खरा आहे. पण ते शुद्ध केलेलं, सहज न पेटणारं असतं आणि वात किती शोषणार, कडी किती तापणार, हे त्याच द्रावणासाठी ठरवलेलं असतं. हाताने ओतलेलं पातळ रॉकेल वातीतून भराभर चढतं, बुचाच्या कडेने पाझरतं आणि सॉकेटपर्यंत पोचतं. ढिल्या प्लगमध्ये एक ठिणगी पुरते. आणि हे सगळं रात्रभर, पडद्याजवळ, झोपलेल्या माणसांच्या खोलीत चालू.

बरं, एवढं करून डास तरी मरतो का? मारणारं औषध, म्हणजे ट्रान्सफ्लुथ्रिन, त्या बाटलीत राहिलेलंच नाही. कडुनिंबाचं तेल जड असतं. त्या उष्णतेला ते उडत नाही, वातीत बसून ती तुंबवतं आणि जळकट वास सोडतं. कापूर लवकर उडून जातो आणि उरलेला थंड भागात परत खडे धरतो. रॉकेलमध्ये १ टक्का कडुनिंबाचं तेल घालून कंदील जाळल्यावर डास कमी चावले, असा भारतीय प्रयोग आहे खरा. पण तो कंदिलाचा होता, विजेच्या मशीनचा नव्हे.

याहून मोठी भीती लहान मुलाची. सॉकेट जमिनीपासून फूटभर उंचीवर, बाटली रंगीत आणि तिचं बूच एकदा उपसलेलं, म्हणजे ढिलं. रॉकेल प्यायलं गेलं तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करतं. कापराने मुलाला झटके येऊ शकतात. असं झालं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. बाटली सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा. आणि मावशीसारखी कुणी बाटली भरून ठेवली असेल तर आजच मशीनमधून काढून टाका.

लिंबू-लवंग: खोलीला वास येतो, बाकी काही नाही. कुणीतरी मेसेजखाली 'फॉगिंग करून घ्या' असं लिहिलं होतं. धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाही, त्यामुळे चार दिवसांनी नवे येतात. शिवाय गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो आणि पलंगाखालची एडिस सुखरूप राहते. अन्न झाका, दमेकऱ्यांना बाजूला न्या, पण खिडक्या उघड्या ठेवा.

वेलचीबद्दल फार लिहायची इच्छा नाही. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि आजार सरताना आपोआप चढतात, त्यामुळे त्या दिवशी जे तोंडात असेल त्याला श्रेय मिळतं. पपईच्या पानांच्या अर्काने प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचे काही अभ्यास आहेत, तेवढं सोडून देऊ. माणूस दगावतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्यामुळे, आणि हा धोका ताप उतरताना असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, गुंगी, लघवी कमी होणं: यातलं एकही दिसलं तर वेलची, पपई सगळं ठेवा आणि निघा. तापाला पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही.

राहिला कुत्रा. रॉकेलने त्याची कातडी भाजते, तो ती चाटतो आणि रॉकेल फुप्फुसात जाऊन मुलांसारखाच न्यूमोनिया होतो. लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. गोचिडीला काडीचा चटका देणं, व्हॅसलीन फासणं हेही नको. त्रास झाला की ती आपली लाळ उलट जखमेत सोडते, आणि टिक फिव्हरचे, म्हणजे गोचिडीमुळे येणाऱ्या तापाचे, जंतू त्या लाळेतच असतात. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून तिचं तोंड पकडा, न पिळता सरळ वर ओढा, स्पिरिटच्या बाटलीत टाका, जागा साबणाने धुवा. बोटांनी चिरडू नका.

पण एकेक उपटून गोचिड्या संपत नाहीत, कारण मुंबईच्या घरातली तपकिरी गोचीड घरातच वाढते. अळी, पिल्लू, मोठी अशा प्रत्येक टप्प्यावर ती रक्त पिऊन कुत्र्यावरून उतरते आणि स्कर्टिंगच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, भिंतीवर वर चढून लपते. एक मादी हजारोंनी अंडी घालते. म्हणून औषध दोन्हीकडे लागतं. कुत्र्याला पशुवैद्याने वजनावरून दिलेली गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध, एकही महिना न चुकवता. घरात फटींतून व्हॅक्यूम, अंथरूण गरम पाण्यात, चौकटीच्या भेगा बुजवणं, आणि फवारणी दर पंधरा दिवसांनी निदान तीन महिने. पहिल्या फवारणीनंतर अंडी उरलेलीच असतात. वॉचमनच्या केबिनमध्ये झोपणारा सोसायटीचा कुत्रा यातून सुटला तर सगळं परत सुरू होतं. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन किंवा अमिट्राझ असलेलं कुत्र्याचं औषध तिच्या आसपासही नको, ती मरू शकते.

शिमग्याला किंवा मे महिन्यात सिंधुदुर्गात जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथल्या रानातली गोचीड दुसऱ्या जातीची आहे आणि २०१६ पासून त्या जिल्ह्यात माकडतापाचे, म्हणजे गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, रुग्ण सापडलेत. काजूच्या बागेत, पाचोळ्यात जाताना पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट आणि डीईईटी. परतल्यावर आंघोळीआधी काखा, जांघा, कानामागे बघा. आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना गावाचं नाव सांगा.