चौथी सही माझी

आमच्या कंपनीत ईआरपी (खरेदी, स्टोअर, हिशेब सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये) येऊन तीन वर्षं झाली. आजही माल आला की गेटवर रजिस्टरात एंट्री, स्टोअरला जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), मग त्या जीआरएनची प्रिंट आणि प्रिंटवर सहा सह्या. कॉम्प्युटर आल्याने काम कमी झालं का विचाराल, तर एक प्रिंट वाढली.

मध्यंतरी सल्लागार आले. दोन महिने बसले, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लावल्या आणि सहाच्या दोन सह्या केल्या. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, कोणी ब्र काढला नाही. पंधरा दिवसांत सह्या पुन्हा सहा! साहेब म्हणतात, लोकांना बदल नको असतो. मला नाही पटत. चौथी सही माझी आहे. मी काय तपासतो? खरं सांगू, वरच्या तीन सह्या आहेत ना, एवढंच. उद्या ऑडिटला काही निघालं तर एकटा सापडायला नको.

ट्रेनिंगवाले हमखास फोर्डचा किस्सा सांगतात. १९८०च्या दशकात अमेरिकेत पुरवठादारांची बिलं चुकती करायला फोर्डकडे ५००च्या वर माणसं होती, जपानी मोटार कंपनी माझ्दाकडे ५. (माझ्दा लहान कंपनी, मान्य. पण इतकी?) मग फोर्डने बिलच काढून टाकलं. माल उतरवून घेणारा माणूस स्क्रीनवर ऑर्डर बघणार, जुळली तर माल आत आणि पैसे आपोआप रवाना, नाही जुळली तर गाडी परत. त्या खात्यातली पाऊण माणसं कमी झाली, हा आकडा स्लाइडवर मोठ्या अक्षरांत असतो. आपल्याकडे जीएसटीच्या क्रेडिटसाठी बिल लागतंच, ते सोडा. पण गेटवरच्या माणसाला गाडी परत पाठवायचा अधिकार दिला होता, त्यावर कोणी थांबत नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला टेम्पो आला. पीओ, म्हणजे आमची खरेदीची ऑर्डर, ४०० नगांची, चलनावर ४२०. सिस्टीम घेईना. स्टोअरच्या काकांनी परचेसला फोन लावला.

"उतरवून घ्या हो काका, उद्या पीओ अमेंड करतो."

काकांच्या रिटायरमेंटला दीड वर्ष आहे. त्यांनी माल उतरवून घेतला, ड्रॉवरमधून आपली काळी डायरी काढली, तारीख, गाडी नंबर, '२० नग जास्त, साहेबांच्या फोनवरून' असं लिहिलं आणि खाली ड्रायव्हरची सही घेतली.

काल बघितलं, पीओ अजून ४००चाच आहे.